बेल्टची पाच मिनिटं

शाळेच्या बसमध्ये मुलं सीटबेल्ट का लावत नाहीत, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. पालक म्हणतात ड्रायव्हर लक्ष देत नाही, ड्रायव्हर म्हणतो मुलं ऐकत नाहीत, शाळा म्हणते आम्ही तर परिपत्रक काढलं होतं. मुलांना सहसा कोणी विचारत नाही. विचारलं तर ती सांगतात : "बेल्टची पत्ती बकलात जातच नाही", "आम्ही तिघं आणि बेल्ट दोनच", "लावेपर्यंत बस सुटते". या तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात. म्हणून माझं मत असं, की बेल्टचं भांडण आधी वेळापत्रकाशी आहे, मग सीटच्या मोजणीशी, मग बकलाशी. मुलांच्या शिस्तीची पाळी त्यानंतर येते.

सकाळच्या सत्राची शाळा सातला भरते असं धरा. मुलुंड चेकनाक्याकडून निघालेली बस एलबीएस रोडने भांडुप, कांजूर, विक्रोळी करत घाटकोपरला पोचते, वाटेत चौदा थांबे. प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं, बसमधल्या मदतनीस ताईंनी खाली उतरून मुलाचा हात धरायचा, मूल चढलं की दार लावून निघायचं. सरावलेली जोडी हे अर्ध्या मिनिटात उरकते. पण तेव्हा मूल अजून मधल्या वाटेत उभं असतं आणि बस दुसऱ्या गिअरमध्ये गेलेली असते. मुलाने जागेवर बसून, दप्तर खाली ठेवून, बेल्ट लावल्यावरच हलायचं ठरवलं तर थांब्यामागे साधारण वीस सेकंद वाढतात. चौदा थांब्यांचे झाले २८० सेकंद, पाच मिनिटांना थोडेच कमी. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण सकाळी साडेसहाला पाच मिनिटं मागे पडलेली बस गांधीनगर जंक्शनला भलत्याच रांगेत अडकते, शाळेचं गेट बंद होतं, मुलांच्या डायरीत लेट रिमार्क पडतो आणि ड्रायव्हरला कॉन्ट्रॅक्टरचा फोन जातो. त्यात तीच बस मुलं उतरवून दुसऱ्या फेरीला जायची असते. मग ड्रायव्हर जिथे सेकंद वाचतील तिथे वाचवतो, आणि ते हमखास वाचतात मूल चढल्यानंतरच्या त्या क्षणात.

उपाय अगदी नीरस आहे. पहिला थांबा ६ वाजून १० मिनिटांचा असेल तर तो ६ वाजून ५ मिनिटांचा करायचा, पुढचे त्याच हिशेबाने आधी घ्यायचे, आणि तसं छापील वेळापत्रकात लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस कुरकुर होते. पाच मिनिटांची झोप मुंबईत कोणी सुखासुखी सोडत नाही. पण वेळ कागदावर आली की बेल्टसाठी थांबणं ही ड्रायव्हरची मेहेरबानी राहत नाही, ते त्याचं काम होतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. या समितीने वर्षभरात दुसरं काही केलं नाही आणि एवढी पाच मिनिटं मंजूर केली, तरी चालेल.

आता सीटची मोजणी. बारा वर्षांखालची मुलं आसनक्षमतेच्या दीडपट न्यायला हरकत नाही, ही सवलत शालेय वाहतुकीत वर्षानुवर्षं रुळलेली आहे. तिचा अर्थ साधा : दोघांच्या सीटवर तिघं. बत्तीस सीटच्या बसमध्ये अठ्ठेचाळीस मुलं आणि बेल्ट बत्तीस, म्हणजे सोळा मुलं बेल्टवाचून. मग एका बेल्टमध्ये दोन मुलं अडकवायची युक्ती निघते. ती करू नये. धक्का बसला की दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, आणि पट्टा धड कोणाच्याच कमरेवर नसतो. इंग्लंडमध्ये १९९३ साली एम-४० महामार्गावर शाळेच्या मिनीबसला अपघात होऊन बारा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गेल्या. त्यानंतर फेब्रुवारी १९९७ पासून तिथे मुलांच्या सहलीच्या कोच आणि मिनीबसमध्ये प्रत्येक मुलाला समोर तोंड असलेली सीट आणि बेल्ट देणं सक्तीचं झालं. बेल्ट माणशी एक लागतो, त्यामुळे सीटही माणशी एक लागते. आपल्याकडे बेल्ट हवा आणि दीडपटही हवी, अशी दोन्ही डगरींवर हात ठेवायची धडपड चालते. मुलामागे एक सीट धरली की बसची फी वाढते, आणि समितीची बैठक तिथेच अडते. ते पालकांना स्पष्ट सांगावं. लपवून काही साधत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय नेलं तर गाडी चालवणाऱ्याला, किंवा तशी चालवू देणाऱ्याला, एक हजार रुपये दंड. 'चालवू देणारा' हे शब्द शाळेने आणि कॉन्ट्रॅक्टरने दोनदा वाचावेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून चारचाकीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. पण हात दाखवून थांबवल्या जातात त्या खासगी गाड्या. पिवळ्या बसमध्ये चढून बकलं मोजणारा हवालदार क्वचितच दिसतो.

"शहरात बस चाळीसच्या वर जातच नाही, कशाला हवा बेल्ट?" हा आक्षेप ड्रायव्हरइतकेच पालकही घेतात. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. या वेगात बस डिव्हायडरवर आदळून थांबली तर बेल्ट नसलेलं मूल त्याच अकरा मीटरने पुढे जातं. सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, पडणारी वस्तू जमिनीला टेकताना हाच वेग असतो. वीस किलोच्या मुलाला सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायला दोन क्विंटलच्या वर जोर लागतो. धाकट्याला मांडीवर घट्ट धरून बसलेल्या थोरल्या बहिणीच्या हातात तो नसतो. शिवाय मूल आदळतं कशावर? आपल्या बऱ्याच बसमध्ये पुढच्या सीटच्या माथ्यावर धरायला लोखंडी पाइप असतो, आणि तो दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या बरोबर दातांच्या उंचीला येतो. टक्कर व्हायचीही गरज नसते. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर एखादी दुचाकी आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, एवढं पुरतं.

अमेरिकेत मोठ्या स्कूलबसना बेल्ट नसतात, हा दाखलाही नेहमी दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. तिथे १९७७ पासून मोठ्या स्कूलबसच्या सीटची पाठ उंच, जाड गादीची आणि धक्का शोषणारी असावी लागते, आणि सीटा इतक्या जवळ बसवतात की मूल पुढच्या गादीवर जाऊन थांबतं. समोरासमोरच्या टकरीत ते चालतं. बाजूने धडक बसली किंवा बस उलटली तर चालत नाही, म्हणून तिथेही काही राज्यांनी बेल्ट सक्तीचे केले. आपल्या ठेंगण्या, पाइपवाल्या सीटांना हा दाखला लागूच पडत नाही. बेल्टचं पुढे काय व्हायचं ते होवो, त्या पाइपांवर आजच जाड फोमची नळी चढवावी. कमरेचा बेल्ट लावलेल्या मुलाचं डोकंसुद्धा धक्क्यात पुढे झुकून तिथेच येतं.

बसमधल्या सगळ्या जागा सारख्या धोक्याच्या नसतात. सर्वांत वाईट जागा मागच्या लांब सीटच्या मधोमध, कारण तिच्यासमोर पाठ नसते, नुसती मोकळी वाट. मागच्या चाकांच्याही मागे असल्याने स्पीडब्रेकरवर हीच सीट सर्वांत जास्त उडते, आणि नेमकी ती मोठ्या मुलांची लाडकी. दुसरी वाईट जागा दारातल्या पायऱ्यांजवळची, तिसरी ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावरची. तिथे तर कोणालाच बसवू नये. बेल्ट थोडेच चांगले असतील तर ते आधी मागच्या मधल्या आणि दारालगतच्या सीटला हवेत. धाकट्यांना ताईंच्या हाताशी, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसवावं. काही व्हॅनमध्ये बाकडी आडवी असतात, मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात. अशा बाकड्याला बेल्ट लावून फारसं हशील नाही. धक्का समोरून येतो आणि पट्टा मुलाला कुशीवर ओढतो.

बकलाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक बसमधला बेल्ट मरतो तो इथेच. अडकलेलं एखादं बकल उलटं करून तळहातावर हलकेच ठोकून पाहा. बिस्किटाचा चुरा, चिक्कीचा गूळ, पेन्सिलचं तुटलेलं टोक, चॉकलेटची चांदी, कधी चक्क एक रुपयाचं नाणं. पत्ती अर्धीच जाते, 'टक्' होत नाही, मूल दोनदा दाबून पाहतं आणि पट्टा सोडून देतं. दुसऱ्या दिवशी ते प्रयत्नच करत नाही. आणि ज्या बकलात पत्ती बसल्यासारखी वाटते पण ओढल्यावर सुटते, ते तर नसलेल्याहून वाईट. साफ करताना बकलाचं तोंड खाली धरून गॅरेजच्या हवेच्या पाइपने फुंकर मारायची, पत्ती पाच-सहा वेळा आतबाहेर करायची. तेल किंवा स्प्रे आत मारू नये. चार दिवस बकल लोण्यासारखं चालतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटून घट्ट होतं. खोलूनही बसू नये; आतली स्प्रिंग एकदा उडाली की पुन्हा जागेवर बसत नाही. फुंकूनही सुधारलं नाही तर बदलायचं.

पट्टी साधारण दोन इंच रुंद असते आणि तिची सगळी करामत त्या रुंदीत आहे. पिळा पडला की तिची दोरी होते, आणि दोरी कापते. कडेला धागे सुटलेत का, सीटच्या बिजागरीत सापडून चीर पडली आहे का, हे बोटं फिरवून पाहायचं. चीर दिसली की पट्टी शिवून घ्यायची नाही, अख्खा बेल्ट बदलायचा. मूल ओकलं तर कोमट पाणी आणि साधा साबण. ब्लीच नको, धागा कमजोर होतो. रीळवाला बेल्ट असेल तर पट्टी पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावायचा आणि सावलीत वाळल्यावरच आत सोडायची. ओली पट्टी आत गेली की पावसाळाभर वास आणि पुढे गंज. कमरेच्या साध्या बेल्टला रीळ नसतं, तिथे वेगळाच ताप : कालच्या दहावीच्या मुलाने सैल केलेला बेल्ट आज पहिलीतल्या मुलीला येतो, आणि तो ओढून घट्ट करायचा असतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

जुन्या बसला नंतर बेल्ट बसवून घेतले असतील तर वाकून सीटखाली बघावं. योग्य काम म्हणजे ७/१६ इंची अँकर बोल्ट, तो सीटच्या लोखंडी सांगाड्यात किंवा फरशीखालच्या लोखंडात, मागून जाड पत्रा देऊन घट्ट केलेला. हलगर्जी काम म्हणजे फरशीच्या प्लायवुडमध्ये पिळलेले स्क्रू. त्या मघाच्या अकरा मीटरच्या हिशेबाने तीस-तीस किलोची दोन मुलं मिळून साडेसहाशे किलोच्या वर ओढ देतात. ओलं प्लायवुड ती एक क्षणही पेलणार नाही, बेल्टसकट सीट उखडून येईल. सोपी परीक्षा अशी : सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून जोराने हलवायची. सीट डुगडुगली तर आधी सीट, मग बेल्ट. गाडी पासिंगला नेण्याआधी ही तपासणी करतातच, पण जून ते सप्टेंबर बसच्या फरशीवर जेवढं पाणी येतं ते पाहता गणपतीच्या सुट्टीत पुन्हा एकदा करावी.

रोजची तपासणी याहून हलकी आहे. पहिल्या थांब्याआधी ताईंनी मधल्या वाटेने एक फेरी मारायची. पडलेली बकलं वर घ्यायची आणि दोन्ही टोकं सीटवर आडवी मांडून ठेवायची. बसायला आलेल्या मुलाला पट्टा हातात घेतल्याशिवाय बसताच येत नाही, आणि हातात आला की तो लावला जातो. रेक्झिनचे नवे सीटकव्हर चढवणाऱ्या कारागिराला बकलासाठी चीर ठेवायला सांगावं. कित्येक बसमधले बेल्ट निव्वळ कव्हराखाली गाडले गेले आहेत.

लावायची रीत मोठ्यांनाही शिकवावी लागते. दप्तर आधी पाठीवरून उतरवायचं. पाठीवर असलं तर मूल सीटच्या टोकावर येतं आणि बेल्ट सैल राहतो. दप्तर पायाशी, मांडीवर नाही. पाण्याच्या बाटलीचा पट्टा गळ्यातून काढायचा. ओला रेनकोट काढायचा. जाड रेनकोटवरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, असतो सैल. पाठ टेकवून बसायचं, पत्ती 'टक्' होईपर्यंत घालायची, एकदा ओढून पाहायची, मोकळं टोक खेचायचं. पट्टा कमरेच्या हाडांवर, मांड्या सुरू होतात तिथे हवा. लहान मुलांची ती हाडं पुरती उभारलेली नसतात, त्यामुळे पट्टा सरकून पोटावर चढतो, आणि पोटावरचा पट्टा धक्क्यात आतड्यांना इजा करतो. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं सपाट गेली तर ठीक, मूठ गेली तर सैल. खांद्यावरून येणारा बेल्ट साडेचार फुटांखालच्या मुलाच्या मानेला घासतो, मग ते तो पाठीमागे टाकतं किंवा काखेतून घेतं. पाठीमागे टाकला तर निदान कमरेचा बेल्ट उरतो. काखेतून घेतला तर सगळा भार बरगड्यांवर. उंची वाढवणारी बूस्टर सीट असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर धाकट्यांना कमरेच्या बेल्टच्या सीटवर बसवणं बरं.

ड्रायव्हरचं काम इथे थोडं आहे, पण तेच निर्णायक. त्याने वळून पाहायचं नाही, ओरडायचं नाही. "झालं का ताई?" एवढंच विचारायचं आणि "चला" ऐकल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. बेस्टच्या बसला कंडक्टरच्या डबल बेलचं जे महत्त्व, तेच या 'चला'ला. आठवडाभर ते नेमाने पाळलं की मुलंच एकमेकांना दटावतात, "ए लाव ना, बस निघत नाहीये." त्याने स्वतःचा बेल्ट मुलांच्या देखत लावायचा, बेल्ट न लावता नुसती क्लिप खोचून अलार्म गप्प करणारे बाबा मुलं रविवारी घरच्या गाडीत पाहतच असतात. मूल म्हणालं, "काका, टोचतो," तर "नाटकं नकोत" म्हणण्याऐवजी "ताईंना दाखव कुठे टोचतो" म्हणावं. बकलाच्या प्लास्टिकला खरंच कंगोरा निघालेला असतो. मध्येच कोणी बेल्ट काढला तर पुलावर बस थांबवायची नाही, पुढच्या थांब्यावर बघायचं. आणि धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक मारणं हा काही ड्रायव्हरांचा आवडता इलाज आहे. तो ताबडतोब बंद व्हावा. ज्याला धडा शिकवायचा तो मोठा मुलगा पाइप धरून हसतो आणि पडते ज्युनिअर केजीतली पोर.

वयाप्रमाणे भाषा बदलते. केजीच्या मुलांचा बेल्ट ताईंनीच लावायचा. तिसरी-चौथीला 'टक्'चा खेळ पुरतो : कुठल्या रांगेचा टक् आधी. पाचवी ते सातवीत रांगेला एक मॉनिटर नेमला की काम होतं. आठवीपुढे मात्र बेल्ट लावणं म्हणजे बाळबोध ठरणं. तिथे खेळ चालत नाही, उपदेश तर नाहीच. त्यांना मागच्या मधल्या सीटचा हिशेब आकड्यांत सांगावा, वेग आणि ऊर्जेची गणितं ती शाळेत करतच असतात. आणि ती सीट बेल्टवाल्यालाच मिळेल असा नियम ठेवावा. लाडकी जागा जाण्याची भीती दंडापेक्षा जास्त चालते.

"आग लागली, पाणी भरलं, तर मुलं अडकतील" ही भीती खोटी म्हणून झटकू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवसाची आठवण असलेल्या शहरात ती साहजिक आहे. पाणी भरलेल्या रस्त्यावर बस उभीच असेल तर बेल्ट काढूनच बसवावं, त्यात वाद नाही. टकरीनंतरच्या आगीत मात्र आधी शुद्धीवर राहावं लागतं, आणि त्यासाठीच बेल्ट असतो. भीतीवर इलाज सरावाचा. सत्राच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या आवारात बस उभी करून प्रत्येक मुलाने लाल बटण स्वतः दाबून बेल्ट काढून दाखवायचा. ज्याच्या अंगठ्यात जोर कमी पडतो त्याचं नाव ताईंच्या वहीत. पट्टा कापायची कात्री ड्रायव्हरच्या हाताशी एक, ताईंच्या सीटपाशी एक. कुलूपबंद पेटीत ठेवलेली कात्री कामाची नाही. आणि रोज उतरताना बस थांबली, हँडब्रेक लागला, मग बकल. आपला थांबा दिसताच उठून उभं राहण्याची सवय मोडणं लावण्याच्या सवयीइतकंच चिवट काम आहे.

रोजच्या बसला एवढं सगळं करणारी शाळासुद्धा सहलीला मात्र भाड्याची लक्झरी घेते आणि विसरते. डिसेंबर २०२२ मध्ये चेंबूरच्या एका क्लासची सहलीची बस लोणावळ्याहून परतताना खोपोलीजवळ उलटली, दोन मुलं गेली. उतार, वळणं, अंधार, दमलेली मुलं, आणि वाटेत उभं राहून चाललेल्या भेंड्या. बुकिंग करताना एसी आहे का, टीव्ही आहे का, एवढं विचारतात. प्रत्येक सीटला चालू बेल्ट आहे का आणि त्याचे फोटो पाठवा, हेही विचारावं. गाडी सहलीच्या आदल्या संध्याकाळी बघून यावी, कव्हरं उचलून. परतीला बस सुटण्याआधी शिक्षक डोकी मोजतातच. त्याच फेरीत बकलंही मोजायची, झोपलेल्या मुलांची तर हात लावून, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत ड्रायव्हरला घाट उतरायला "चला" म्हणायचं नाही.